मंग तो फटाका कोनी फोडा?

पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, मी अमळनेर तालुक्यातला, एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. यंदा श्रावणात आमच्याकडे कानबाई (खान्देशातली देवी, नारळाच्या रूपात बसवतात) बसली, सगळी भाऊबंदकी घरी होती. मोठ्या काकांनी आरतीला बोलावलं तर मी म्हणालो, नारळाला डोळे लावले म्हणून देव होत नाही, हे विश्व १३८० कोटी वर्षांपूर्वी बिग बँगमधून आलं, त्यात कोणाचा हात नाही. काका म्हणाले, 'मंग तो फटाका कोनी फोडा, ते सांग.' मला उत्तर आलं नाही, सगळे हसले. बाबा तेव्हा गप्प होते, रात्री एवढंच म्हणाले, 'आते तू मोठा व्हई गया.' तेव्हापासून नीट बोलत नाहीत. गावच्या सप्त्यात महाराज सांगतात की बिग बँग वेदात आधीच आहे, सर्नमध्ये देवकण सापडला, तिथे नटराज बसवलाय. कॉलेजचे मित्र म्हणतात फिजिक्स शिकून देव मानणारा ढोंगी. मला खरं सांगायचं तर कीर्तन आवडतं, मी मृदंग वाजवतो. मग मी ढोंगी का? फिजिक्स आणि देव एकत्र राहू शकतात का एक निवडावंच लागतं? बाबांशी काय बोलू? ता.क. पुढच्या महिन्यात पुण्याला इंटरव्ह्यू आहे, आई म्हणते आधी मंगळ ग्रह मंदिरात अभिषेक कर. जाऊ का?"

हे बघ भाऊ, तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात हुशार वाक्य तुझ्या काकांचं आहे आणि तू चिडलायस तो नेमका त्यांच्यावरच. आरती चालू असताना तुला बिग बँगबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं, तू न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंस, आणि काकांनी जो खरा प्रश्न टाकला तिथे तुझी बोलती बंद. आता गंमत अशी की त्याचं उत्तर काकांकडेही नाही, महाराजांकडेही नाही आणि केंब्रिजवाल्यांकडेही नाही. म्हणून आधी त्या प्रश्नाकडे नीट बघू, बाबांचं मग बोलू.

फटाका म्हटलं की काय दिसतं, रिकामं अंगण, मधोमध सुतळी बॉम्ब, कोणीतरी वात पेटवून पळतो आणि तुकडे चहूकडे. बिग बँग तसा नव्हताच. त्याला अंगणच नव्हतं, अंगण स्वतःच पसरत गेलं आणि अजून पसरतंय. तू काकूंना मांडे करताना बघितलं असशील, उंडा हातावर घेऊन फिरवत फिरवत वाढवत नेतात आणि मग खापरावर टाकतात. त्या उंड्यावर कोंड्याचे दोन ठिपके शेजारी असले तर मांडा वाढताना ते लांब जातात, ठिपका स्वतः कुठे चाललेला नसतो, आणि जे आधीच लांब होते ते अजून जोरात लांब जातात. दीर्घिकांचं, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या त्या समूहांचं, तसंच आहे. मांड्याला कड असते, विश्वाला कड सापडलेली नाही, मध्यही नाही. तर काकांच्या प्रश्नातला फटाका गेला, पण काका गप्प बसणारे वाटत नाहीत, ते म्हणतील बरं, मग मांडा कोणी केला. तिथे येतेच आहे.

त्याच्या आधी हे सांगते की आपल्याला जे माहीत आहे ते पक्कं आहे, कारण "थेरीच ना ती" म्हणून उडवून लावणारे गावात भेटतात आणि तू पण त्यांच्यासमोर गडबडतोस असं दिसतंय. विश्व प्रसरण पावतंय हे गणितात आणि तेव्हाच्या मोजमापात मिळून १९२७ साली मांडलं जॉर्ज लमेत्र नावाच्या बेल्जियन माणसानं, १९२९ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलनं दुर्बिणीतून मोजलेल्या अंतरांनी ते ठळक केलं. पण खरा पुरावा आला तो १९६४-६५ मध्ये, अमेरिकेत न्यू जर्सीला. पेन्झियास आणि विल्सन हे दोघं बेल लॅब्सच्या एका भल्यामोठ्या हॉर्न अँटेनावर काम करत होते आणि एक खरखर काही केल्या जाईना. दिवसा, रात्री, उन्हाळ्यात, हिवाळ्यात, आकाशात कुठेही रोख धरा, खरखर तेवढीच. अँटेनात कबुतरांनी संसार थाटला होता, ती हाकलली, त्यांनी केलेली घाण खरवडून काढली, खरखर तिथंच. ती होती विश्व ३.८ लाख वर्षांचं असताना मोकळा सुटलेला प्रकाश, ताणून ताणून इतका थंड झालेला की आता २.७ केल्विन, म्हणजे शून्याच्या खाली २७० अंश. १९७८ ला दोघांना नोबेल मिळालं. आजही प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये त्या जुन्या प्रकाशाचे सुमारे ४११ फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आहेत, तुझ्या होस्टेलच्या खोलीत आहेत आणि कानबाईच्या चौरंगावर पण होते. शिवाय पहिल्या काही मिनिटांत किती हेलियम तयार व्हायला हवा याचं गणित करून बघितलं तर वजनात सुमारे पाव हिस्सा येतो, आणि आकाशात मोजला तर तेवढाच भरतो. ही काय उगाच थेरी नाही.

पण नीट वाच, हे सगळं सुरुवातीनंतरचं आहे. एक सेकंदानंतर काय, तीन मिनिटांनंतर काय, ते आपण बऱ्यापैकी छातीठोक सांगतो. त्याच्या मागे मागे जात शून्य सेकंदाला आइन्स्टाइनची समीकरणं नेली तर घनता अनंत येते. आता परीक्षेत तुझ्या उत्तरात अनंत आलं तर तू काय करतोस, हे निसर्गाचं सत्य आहे म्हणून खाली दोन रेघा मारतोस का? नाही ना, कुठेतरी गाडं अडलं म्हणून मागे जातोस. तसंच आहे. सुमारे १० चा उणे ४३ वा घात इतक्या सेकंदाच्या आधी गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम (अतिसूक्ष्म कणांचे नियम) दोन्ही एकदम लागतात आणि ती दोन्ही एकत्र बसवणारं पक्कं गणित आपल्याकडे नाही. हॉकिंग आणि हार्टल यांनी १९८३ मध्ये म्हटलं की काळाला तिथे कडच नसेल, "त्याच्या आधी" हा प्रश्नच लागू पडत नसेल. आपले अभय अष्टेकर आणि त्यांचे सहकारी लूप क्वांटम पद्धतीनं गणित करतात तेव्हा तिथे सुरुवात येत नाही, उसळी येते, म्हणजे आधी आकसणारं विश्व होतं आणि ते उलटलं. कोणी म्हणतं व्हॅक्यूममधून, म्हणजे पोकळीतून, आपोआप आलं, पण क्वांटम व्हॅक्यूम म्हणजे काहीच नाही असं थोडंच आहे, त्याला फील्ड लागतं, नियम लागतात, मग काका म्हणतील ते नियम कोणी आणले. यातलं एकही अजून मोजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून तू त्या दिवशी जे म्हणालास ना, "त्यात कोणाचा हात नाही", ते फिजिक्सच्या कुठल्याही समीकरणात नाही भाऊ. ते तू पदरचं घातलंस. हात आहे असंही त्यात नाही. समीकरण त्या विषयावर बोलतच नाही.

आता काकांचा मुख्य प्रश्न, कोणी केलं. याच्यासाठी तुला केंब्रिजला जायची गरज नाही, चाळीसगावला जा. पाटणादेवीला गेलायस का कधी? गौताळ्याच्या जंगलात, डोंगराच्या कुशीत चंडिकेचं जुनं हेमाडपंती मंदिर आहे, नवरात्रात तर अख्खा खान्देश लोटतो तिथे, आणि बहुतेक लोक दर्शन घेऊन, धबधब्यावर फोटो काढून घरी येतात. त्या पाटण गावात इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला आणि त्याला दान मिळालं, असं त्यात कोरलंय. (पाटणच्या शिलालेखातला चांगदेव वेगळा आणि योगी चांगदेव वेगळे, पोरं घोळ करतात.) भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये, नेमके कुठे यावर पंडितांचे वाद आहेत ते त्यांना करू दे, पण त्यांची विद्या शिकवायची जागा खान्देशात होती हे दगडावरच आहे.

तर या माणसानं ११५० मध्ये, वय ३६ असताना, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात प्रश्न येतो की पृथ्वी कशावर उभी आहे. तेव्हा लोक सांगायचे शेषावर, कोणी म्हणे हत्तींवर, कासवावर. भास्कराचार्य म्हणतात, पृथ्वीला धरणारा कोणी आहे असं मानलं तर त्याला धरणारा दुसरा लागेल, त्याला तिसरा, याला अंतच नाही. आणि शेवटी कुठेतरी थांबून तुम्ही म्हणणार असाल की हा शेवटचा मात्र स्वतःच्या शक्तीनं उभा आहे, तर मग ती शक्ती पहिल्यापासून पृथ्वीलाच का देऊ नये? बस. एका श्लोकात खेळ खलास. आठशे-नऊशे वर्षं झाली, आजही "सगळ्याला कोणीतरी करणारा लागतो" या युक्तिवादाला याच्याहून नेटकं उत्तर मी तरी बघितलेलं नाही.

हे काकांना सांग. म्हणजे काका म्हणाले फटाका कोणी फोडला, आपण म्हटलं देवानं, तर पुढचा प्रश्न देवाला कोणी केलं, आणि तिथे "तो स्वयंभू आहे" म्हणून थांबायचं असेल तर विश्वालाच स्वयंभू म्हणून आधीच का नाही थांबायचं. पण थांब, लगेच कॉलर टाइट करू नकोस, कारण हा श्लोक तुझ्या बाजूनंही लढत नाही. यानं देव नाही असं सिद्ध होत नाही, एवढंच होतं की "कोणीतरी केलं असेलच" या रस्त्यानं देवापर्यंत जाता येत नाही. मानणारा म्हणू शकतो की देव हा त्या रांगेतला पहिला नंबर नाहीच, तो रांगेत उभाच नाही. त्याच्यावर भास्कराचार्यांकडे उत्तर नाही आणि तुझ्याकडेही नाही. आणि हा माणूस नास्तिक होता असं समजू नकोस, त्यांची लीलावती सुरू होते तीच गणपतीला नमस्कार करून.

त्यांनी समेट पण केला होता बरं का, आणि तो मला तितका आवडत नाही. ग्रहणाचं गणित करताना त्यांना पक्कं ठाऊक होतं की चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीनं होतं आणि सूर्यग्रहण चंद्र आड आल्यानं. पण पुराणात राहू गिळतो. मग त्यांनी लिहिलं की शंकराच्या वरदानानं राहू त्या सावलीत जाऊन बसतो, म्हणजे शास्त्राला कुठे विरोध नाही. आता बघ, गणितात राहूचं काम काय उरलं? शून्य. सगळं काम सावली करते आणि राहूला सन्मानानं साइडिंगला लावलंय. समजा त्या काळात भांडण टाळायला बरं पडलं असेल, पण असा समेट तू करू नकोस, दोघांचाही अपमान आहे तो.

आणि हेच उलट्या बाजूनं पण होतं. न्यूटनला वाटायचं की ग्रह एकमेकांना ओढून ओढून कक्षा बिघडवतील, मग देव अधूनमधून दुरुस्ती करत असेल. पुढे लाप्लासनं गुरू आणि शनीचं जे बिघडल्यासारखं दिसत होतं ते फिरून जागेवर येतं हे गणितानं दाखवलं आणि देवाची ती ड्यूटी गेली. आपल्याला कळत नाही तिथे देव बसवला की कळल्यावर उठवावा लागतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्याची देवावर खरी श्रद्धा आहे त्यानं तर हे सगळ्यात जास्त टाळावं. शून्य सेकंदाची जागा आज रिकामी दिसते म्हणून महाराज तिथे पाट मांडतात, उद्या अष्टेकरांचं गणित खरं ठरलं तर काय करणार?

हे मी म्हणते असं नाही. तो लमेत्र ज्याचं नाव वर घेतलं, तो कॅथलिक पाद्री होता, गळ्यात पांढरी कॉलर घालूनच फिरायचा. १९३१ मध्ये सगळं विश्व एका आद्य अणूतून आलं ही कल्पना त्यानं मांडली. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात सांगितलं की आता विज्ञानच निर्मितीची साक्ष देतंय. कोणालाही वाटेल लमेत्रला आनंद झाला असेल, आपल्या थेरीला थेट पोपचा शिक्का. त्याला ते अजिबात रुचलं नाही. त्याचं म्हणणं होतं की ही थेरी देवाच्या प्रश्नाच्या बाहेरची आहे, नास्तिकानंही ती वापरावी आणि आस्तिकानंही. दुसऱ्या वर्षी रोमला खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली तिथे पोपनी तो मुद्दा काढला नाही. आणि दुसऱ्या टोकाला आपले नारळीकर बघ. आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध लिहिलं, आणि शेवटपर्यंत बिग बँगला विरोध केला, ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉईलबरोबर वेगळं मॉडेल मांडलं. म्हणजे पाद्री बिग बँगच्या बाजूनं आणि विवेकवादी विरोधात! बहुतेक जगानं बिग बँग स्वीकारला तो त्या खरखरीमुळे आणि हेलियममुळे, कोणाच्या धर्मामुळे नाही. अजून एक, १९७९ चं नोबेल अब्दुस सलाम, वाइनबर्ग आणि ग्लाशो यांना मिळून मिळालं, विद्युतचुंबकीय बल आणि दुर्बल बल एकच आहे हे दाखवल्याबद्दल. सलाम पक्के नमाजी, वाइनबर्ग पक्के नास्तिक. समीकरण एकच.

तुझ्या मित्रांना हे सांग, ढोंगी कोण ते मग ते ठरवतील.

बरं, देव मानायला विश्व कोणी केलं हे मानावंच लागतं असंही नाही. अमळनेरच्या बाजारपेठेत तुझा जो जैन दुकानदार असेल त्याला विचार, त्यांच्यात विश्वाला कर्ताच नाही, ते अनादि आहे, तरी माणूस रोज सकाळी देरासरात जातो आणि चातुर्मासात संध्याकाळनंतर पाण्याचा घोट घेत नाही. आपल्या जुन्या तत्त्वज्ञानातही सांख्य आणि मीमांसक आहेत ज्यांचं कर्त्यावाचून भागतं. तुमच्या गावापासून काही अंतरावर प्रताप शेठनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, साने गुरुजी तिथे होते, अशा गोष्टींवर डोकं लावायला देशभरातून लोक अमळनेरला यायचे, आणि तुम्ही अमळनेरवाले गूगलवर शोधता.

महाराजांचं पटकन उरकते. सर्न या युरोपातल्या कणांच्या प्रयोगशाळेत ४ जुलै २०१२ ला जाहीर झाला तो हिग्ज बोसॉन नावाचा कण, त्याचा देवाशी संबंध नाही, देवकण हे पेपरवाल्यांनी उचलून धरलेलं टोपणनाव आहे आणि बऱ्याच शास्त्रज्ञांना ते आवडत नाही. नटराज आहे, खरा आहे, २००४ मध्ये भारत सरकारनं भेट दिलाय, सुंदर आहे, पण तो त्यांनी शोध लावून बसवलेला नाही. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, जवळपास जुळलं की टाळ्या, पण विश्व १३८० कोटींचं आहे तिथे जुळत नाही म्हणून ते कोणी सांगत नाही. आणि आकड्यांना पोथी बांधणं धोक्याचं असतं, हबलच्या १९२९ च्या मापावरून विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं निघत होतं, म्हणजे पृथ्वीच्या खडकांपेक्षा लहान! आपण ते सुधारलं. अजूनही प्रसरणाचा वेग, म्हणजे हबल कॉन्स्टंट, एका पद्धतीनं ६७ येतो आणि दुसऱ्या पद्धतीनं ७३, भांडण चालू आहे. विज्ञानाला असं बदलणं परवडतं.

वेदात काय आहे हे मात्र महाराजांनी खरंच वाचून दाखवावं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, नासदीय. त्यात बिग बँग नाही. त्यात ऋषी म्हणतो की हे सगळं कुठून आलं कोण खात्रीनं सांगणार, देवसुद्धा या सृष्टीनंतरचे. आणि शेवटी म्हणतो, वर बसून जो बघतोय त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. सप्त्यात माइकवर असं म्हणायची हिंमत आहे का कोणाची? त्या ऋषीला तुझ्या काकांचा प्रश्न पडला होता आणि त्यानं तो सोडवल्याचा आव आणला नाही. मला त्याचं हे वागणं बिग बँग वेदात सापडण्यापेक्षा कितीतरी भारी वाटतं.

आता तू ढोंगी का. मी आयुष्यभर ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, माझ्या घरी संध्याकाळी दिवा लागतो आणि तो मीच लावते. दिवा लावताना माझ्या डोक्यात विश्वाची उत्पत्ती कधीच नसते, तेव्हा असतं नातवाचा ताप, सुनेची बदली, गॅस बंद केला का. माझा देवावर किती विश्वास आहे असं तू विचारलंस तर मला एका शब्दात सांगता येणार नाही आणि मला त्याची घाईही नाही. ढोंग केव्हा होतं माहितीय, मुलांना वर्गात एक शिकवलं आणि ग्रहणात गरोदर सुनेला सुरी हातात धरू दिली नाही तर. जिथे मोजता येतं तिथे मोजमापाचं ऐकायचं, तिथे सवलत नाही, सासूबाई रागावल्या तरी नाही. तू मृदंग वाजवतोस, तुला ताल कळतो, अभंग ऐकून आत काहीतरी हलतं, याला कुठल्या समीकरणाची परवानगी लागत नाही. पंढरीला जाणारा कोणी विठोबाला हबल कॉन्स्टंट विचारायला जात नाही रे. वाजव बिनधास्त. पण उद्या तुला आतून वाटलं की नाही, मला देव पटत नाही, तर तेही फिजिक्सच्या नावावर खपवू नकोस, तुझं तू म्हणून सांग.

बाबांकडे येते. तू समजतोयस की बाबांची श्रद्धा दुखावली. मला तसं वाटत नाही. कानबाईचा दिवस म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको, पण विसरलायस म्हणून सांगते. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसून रोट खातात, सुरत-नाशिकला कामाला गेलेली पोरं रजा टाकून येतात, सुना रात्रभर जागून गाणी म्हणतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर जातात. यंदा ती सगळी माणसं तुझ्या बापाच्या ओट्यावर होती, गव्हापासून मंडपापर्यंत सगळं त्यांनी बघितलं असणार, आणि कपाशीचा भाव काय चाललाय ते बघता ते कसं जमवलं हेही त्यांनाच ठाऊक. आणि तिथे त्यांचा शिकलेला पोरगा सगळ्यांदेखत म्हणाला की हे नारळ आहे. त्यांना काय माहीत नाही का ते नारळ आहे? त्यांनीच तर बाजारातून निवडून आणलं असेल, पाणी वाजतंय का बघून. त्या ओट्यावर कोणी असं म्हणत नव्हतं की या नारळानं दीर्घिका केल्या. तू जे खोडून काढलंस ते कोणी मांडलंच नव्हतं.

म्हणून माफी माग, पण काय बोललास त्याची नको, कुठे बोललास त्याची माग. तेवढीच. आरती करणार असं खोटं कबूल करू नकोस, नाही पटत तर पुढच्या वर्षी पाट मांड, पंगत वाढ, मृदंग घेऊन बस, हात जोडायचे का ते तुझं तू बघ. आणि हे घरात बसून बोलू नकोस, घरात बाप-लेक बोलायला लागले की आई मध्ये पडते आणि विषय जेवणावर जातो. शेतीची लाईट रात्रीची असते तेव्हा बाबा मोटार चालू करायला मळ्यात जातात ना, त्यांच्यासोबत जा. दिवाळीच्या आसपास, चंद्र नसताना, उत्तरेकडे शर्मिष्ठा या तारकासमूहाचा एम दिसेल, त्याच्या वर, डोक्याच्या बाजूला, देवयानी दीर्घिका, धुरकट ठिपका, डोळ्यांनी दिसते, थोडं बाजूला बघितलं की जास्त नीट दिसते. तिचा प्रकाश तिथून निघाला त्याला २५ लाख वर्षं झाली. ते त्यांना दाखव. लेक्चर देऊ नकोस, दाखव आणि गप्प बस, ते विचारतील. त्यांनी विचारलं की देव आहे का नाही, तर सरळ सांग, "माले माहीत नही." त्याच्यात कमीपणा काही नाही. आणि मग त्यांना विचार की कानबाई तुमच्या घरात कधीपासून, कोणी आणली, दुष्काळात बसवली होती का. तू एमएस्सी झालास तरी हे तुला माहीत नसणार, पैज लावते.

काकांकडे पण जा. भास्कराचार्य ऐकव. त्यांच्याकडे त्याच्यावरही काहीतरी उत्तर असेल, मला कळव.

मंगळाचं राहिलं. आईला अभिषेक करायचाय तर जा की, भीती तिची आहे, पोरगा पहिल्यांदा लांब चाललाय, तिला काहीतरी करायचंय आणि क्वांटम मेकॅनिक्स तिला येत नाही. इस्रोचे अध्यक्ष लाँचच्या आधी रॉकेटचं छोटं मॉडेल घेऊन तिरुपतीला जातात, म्हणून कोणी इंधन कमी भरत नाही. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला सुटलं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत बसलं ते गणितावर. मंगळ ६८७ दिवसांत सूर्याभोवती फिरतो, तुझा इंटरव्ह्यू कोणत्या तारखेला आहे याचा त्याला पत्ता नाही. आईसोबत जाऊन ये, प्रसाद खा, पण कोणी पत्रिका बघून सांगितलं की मंगळामुळे नोकरी अडलीय, शांतीला इतके हजार लागतील, तर तिथून आईला घेऊन सरळ बस स्टँड गाठ. आणि मंगळवारी जाऊ नकोस, अर्धा दिवस रांगेत जातो, तुझी पर्टर्बेशन थिअरी कच्ची असणार, पहिल्या वर्षाच्या पोरांची असतेच, आणि इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारतात.